वाटेतला डबा

डिंडोली, सुरत
फेब्रुवारी १९९९, गुरुवार संध्याकाळ

वाटेत असलेला डबा कोणाचा? पाठवणाऱ्याचा की ज्याला पोचायचा त्याचा? मला खरंच सांगता येत नाही.

क्लासमध्ये चौकोन नि बाण काढून वेबसाइट बनवायला शिकतोय. चित्र नीट जमलं की सॉफ्टवेअर अर्धा कोड आपोआप लिहून देतं! उद्या प्रत्येकाने चित्र दाखवायचं. सरांना जे आवडेल तेच इंटरनेटवर चढणार. सर म्हणाले, “बेन, हॉटेल बुकिंग ज करो ने, इंटरव्यूमां ए चाले.” मुलाखतीत तेच चालतं म्हणून मी काढलंही. पण हॉटेलात मी कधी राहिलेय? आमच्या गल्लीतलं कोणी खानदेशात निघालं की त्याच्या हाती घराघरातून डबे जातात, आणि निम्म्यांना तो निघाल्याचं कळतं तो गेल्यावर! साइट हवी ती याची. ‘माणूस’, ‘गाव’, ‘डबा’ असे चौकोन वहीत काढले. डब्याचा बाण कोणाकडे न्यायचा, तिथे मात्र अडले.

सकाळी आईला विचारलं. पापड लाटता लाटता म्हणाली, “जो लई जाई तोच संभाळी. आनि वाटमा खाई बी तोच!”

आधी हसले. मग दचकले. नेणाऱ्याचा चौकोनच मी काढला नव्हता! डबा कोणाचा ते राहू दे, कोणाच्या हाती आहे ते तर कळलं. संध्याकाळच्या बॅचला वहीतलं चित्र कॉम्प्युटरवर काढलं, तो चौकोन जोडला आणि सगळे बाण जुळले.

पण नोकरी? घरातली पहिली पदवीधर मी, बाबा आस लावून बसलेत. सर हसले तर?

हसू देत. निघताना हॉटेलचं चित्र फ्लॉपीवरून पुसून आलेय.