सरांची जागा

प्रिय घुमे,

तू परत येणार, सरांच्या जागेसाठी अर्ज केलायस, हे मला कळलं कुणाकडून? ऑफिसातल्या क्लार्ककडून! इतक्या वर्षांची मैत्रीण मी, आणि मलाच पत्ता नाही. घुमी ती घुमीच राहिलीस. पण खरं सांगते, ऐकून आनंदाने ओरडलेच मी. सर निवृत्त होणार म्हणून तोंडं पाडून बसलेले सगळे आता तुझ्या खोलीला रंग कुठला द्यायचा यावर भांडतायत.

तू परदेशी गेलीस तेव्हा हीच मंडळी काय काय बोलली होती, ते मला पाठ आहे. पेरायचं आपण आणि पीक दुसऱ्याच्या कोठारात, वगैरे. मी तेव्हाही भांडले होते. आपल्या चौघांत एक सूक्ष्मदर्शक, आणि तुझी पाळी आली की हमखास वीज जायची. तिकडे गेलीस आणि म्हाताऱ्या माश्यांची झोप का उडते, ते शोधून काढलंस. त्या शोधनिबंधाच्या शेवटी तिथल्या बड्या लोकांच्या आधी आभार मानलेस ते आपल्या प्रयोगशाळेतल्या काकूंचे, ज्या माश्यांसाठी मक्याचं पीठ आणि साखर शिजवायच्या. मी काकूंना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे पुसले आणि लगेच मलाच दटावलं, की बाजूला हो, पीठ खाली लागतंय.

तू नुसतं नाव कमावलं नाहीस. तुझ्याकडे पहाट असायची तेव्हा उठून इथल्या मुलांना शिकवलंस. दोघांना तिकडे बोलावून घेतलंस, त्यातली एक परत येऊन आता आमच्याच चुका काढते, अगदी तुझ्यासारखी. हेवा वाटला का? वाटला, खोटं कशाला बोलू. मासिकात तुझा फोटो आला त्या दिवशी मी घरी भांडी आपटली. दुसऱ्या दिवशी तोच फोटो विभागाच्या फलकावर लावला तोही मीच.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. सासूबाई अजून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात, की आमची सून दिवसभर माश्या मारते. अहो, मारत नाही, जगवते! तू मागे ठेवून गेलेले माश्यांचे वाणही मीच नव्या बाटल्यांत घालत आलेय, आणि त्यांच्यावरच माझं काम उभं राहिलं. उपाशी माशीच्या पोटी आलेली पिढी कमी झोपते, हे गेल्या वर्षी पक्कं झालं. तुला निबंध पाठवला तेव्हा तू चार चुका काढल्यास. तीन खऱ्या होत्या. चौथीबद्दल मी अजून भांडायला तयार आहे. इतकं जीव लावून वाचणारं इथं कुणी नाही गं.

नोकरी मात्र अजून हंगामीच. दरवर्षी नवा करार, दरवर्षी तीच धाकधूक. लोकांना वाटतं, इथं राहिली म्हणजे बाहेरून कुणी विचारलं नसणार. मला दोनदा बोलावणं आलं होतं. मला इथंच काम करायचं होतं, बस.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. परवा सरांनी बोलावून चहा पाजला. एवढी मोठी बाई आपण होऊन परत येतेय, तिच्या वाटेत कुणी येऊ नये, असं म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी चहा संपवला आणि उठले. घुमे, त्या जागेसाठी मीही अर्ज केलाय. तुझं कळल्यावर मागे घेतला नाही, घेणारही नाही. तुझी योग्यता माझ्याइतकी कुणाला ठाऊक नसेल, पण माझीही मला ठाऊक आहे. जागा एकच आहे. तुला मिळाली तर मी रडेन, मला मिळाली तर तुझं परत येणं राहून जाईल. तरीही माझी दया येऊन एकही उत्तर हातचं राखू नकोस. मी राखणार नाही. मुलाखत दोघींची एकाच दिवशी आहे. हॉटेल-बिटेल बघू नकोस, आमच्याकडेच उतर. सकाळी एकाच रिक्षाने जाऊ.

त्या दिवशीसुद्धा तुझीच,
बडबडी