विटांच्या कोठीतले आंबे

१४ मे
आंबे उतरवले! लग्नाच्या वर्षी ह्यांनी लावलेलं केसरचं झाड यंदा पहिल्यांदाच धरलंय. देठ बोटभर ठेवून कापले, चीक निथळू दिला. ह्यांचा सीमेवरून फोन — सुट्टी लांबली. "पहिला आंबा तुझ्या हातचा खाणार. तवर कुणाला देऊ नगंस." तोवर टिकवायचे म्हणजे माझ्यावरच आलं!

१६ मे
कृषी सहायकांनी सांगितली तशी परसात कोठी बांधली. विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू, वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी. हात आत घातला की गार! एकेक आंबा कागदात गुंडाळला. फ्रिजमध्ये मुद्दाम ठेवले नाहीत — फार गारठला की आंबा आतून काळा पडतो, पिकतच नाही. सासूबाई म्हणाल्या, "आंबं हायती का बाळंतीण?"

२२ मे
आंबे कमी वाटतात. सासूबाई म्हणतात उंदीर. उंदीर कागदासकट नेतो?

२५ मे
सुट्टी पुन्हा लांबली. सासूबाई लोणंदला बहिणीकडे गेल्या, या महिन्यात दुसऱ्यांदा. मी वाळू भिजवली.

३० मे
शेजारची रेश्मा लोणंदहून आली. सहज विचारते, "भावजींनी फौज सोडली व्हय गं? तिथं कंपनीच्या गेटवर वॉचमन म्हणून बसत्यात. तुझ्या सासूबाई बी हुत्या, पिशवी घिऊन."
मी "व्हय" म्हटलं. दुसरं काय म्हणणार!
घरात येऊन सासूबाईंना विचारलं. त्यांनी मग लपवलं नाही. गुडघा निकामी झाला म्हणून फौजेने जयराजला घरी पाठवलं. संक्रांतीपासून लोणंदला खोली घेऊन राहतोय. मला तोंड दाखवायची लाज, म्हणून आईला शपथ घातली. आणि आंबे?
"लेकरू हाय माझं."
मी कोण मग? गुडघ्याचं ऐकून जीव तुटतो, आणि लगेच संताप येतो. सीमा खोटी, सुट्टी खोटी! सगळ्या गावाला ठाऊक, खुळी मी एकटी. आज कोठीवर पाणी घातलं नाही.

१ जून
आजही नाही. वाळू कोरडी पडली. पडू दे.

२ जून
पहाटेच्या पॅसेंजरने लोणंदला गेले — भांडायला. जयराज पाय लांब करून खाटेवर. खिडकीत आंबे, माझ्याच कागदांत. सुरकुतलेले, काही नासलेले. एकही कापलेला नाही.
"पहिला तुझ्या हातचा म्हटलं हुतं," एवढंच बोलला.
मनात होतं ते सगळं सुनावलं. मग सुरी मागितली.