हॉटेलातून आलेला निरोप

प्रिय माधवी,

पाकिटावर मालुबाईचं नाव बघून तू हे उघडलं असशील. माझं नाव वर घालू नको, असं मीच तिला सांगितलं. घातलं असतं तर हे पत्र न वाचताच तुझ्या माहेरी सदलग्याच्या चुलीत गेलं असतं, आणि त्यात तुझं काही चुकलं असतं असंही नाही. मी तुझी सासू, वडगावची रुक्माबाई. मी बोलते आणि शेजारची मालुबाई लिहिते. तिनं तीस वर्षं अंगणवाडीत पोरांचे हात धरले, आता म्हातारपणी माझी जीभ धरायची पाळी आली. फोन का केला नाही म्हणशील. एक तर तू उचलत नाहीस. दुसरं म्हणजे फोनवर माझं तोंड आधी पळतं आणि अक्कल मागून येते. मालुबाईचा हात लई सावकाश चालतो. एका ओळीला ती इतका वेळ घेते, की बोलायला निघालेलं निम्मं मी परत गिळते. तू मंजूला घेऊन माहेरी गेलीस त्याला सव्वा महिना झाला. त्याबद्दलच बोलायचं आहे, पण मला सरळ बोलता येत नाही हे तुला माझ्या पोरापेक्षा जास्त ठाऊक आहे.

आधी लग्नाचं सांगते. भाग्यलक्ष्मीचं झालं सगळं नीट. तुझ्या दिरानं, यल्लाप्पानं लेकीची साडी स्वतःच्या मागावर विणली, पोरीला काठ आवडला नाही, तरी नेसली. नवरा नंदगडचा, उंच आहे, सध्या वाकून बोलतो. वर्षभरात ताठ होईल. मांडे मऊ होते. हळदीच्या दिवशी दुपारी मी उंबऱ्यावरून हलले नाही. मला गाडीतून तिघं उतरलेली बघायची होती. माझा नागेंद्र एकटाच उतरला. मंजूला ताप आलाय, माधवी तिला घेऊन माहेरी थांबली, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. मग काय, पाहुण्या बायकांनी मला तापावरचे चार-पाच काढे सांगितले आणि मी प्रत्येकीला मान हलवली. अक्षता टाकताना तो माझ्या शेजारी उभा होता. त्याचे तांदूळ मांडवापर्यंत पोचलेच नाहीत, पुढच्या माणसाच्या टकलावर पडले. एरवी मी त्यावर काहीतरी बोलले असते.

खरं काय झालं ते त्यानं परवाच्या मंगळवारी येऊन सांगितलं. भाग्याच्या साखरपुड्याला आला तेव्हाच त्यानं त्या हॉटेलात जाऊन तुमच्यासाठी खोली धरली होती. तू बजावलं होतंस म्हणे, लग्नाला येईन, पण राहीन ते आतून कडी घालता येईल अशा परक्या खोलीत, वडगावच्या घरात एक रात्रसुद्धा नाही. त्यानं पैशाऐवजी कार्डाचा नंबर लिहून दिला. मला आधी वाटायचं, कार्ड म्हणजे रेशनसारखं, एकदा मिळालं की मरेपर्यंत तेच. तसं नसतं म्हणाला. कुणीतरी परमुलखात बसून त्याच्या नंबरावर बूट घेतले, म्हणून बँकेनं जुनं कार्ड मारून टाकलं आणि नवीन दिलं. नाव तेच, बँक तीच, आकडा तेवढा दुसरा. मग जिथं जिथं जुना आकडा दिलाय, तिथं तिथं आपण होऊन नवा कळवायचा असतो. बँक कुणाला सांगायला जात नाही. विम्याला कळवलं, लाइटवाल्यांना कळवलं, मंजूच्या शाळेला कळवलं, हॉटेल तेवढं राहिलं. मीच विसरलो आई, मीच विसरलो, असं तो माझ्या पायाशी पायरीवर बसून सांगत होता. पोराचं डोकं मागून पांढरं झालंय गं.

तुम्ही हॉटेलात पोचला तेव्हा खोली चार दिवसांपूर्वीच दुसऱ्याला गेली होती. लग्नसराई, गावात कुठंच जागा नाही. मग तो तुला म्हणाला, एक रात्र घरी जाऊ या. आणि तू म्हणालीस, हे तुझं आईशी आधीच ठरलं होतं, खोली धरलीच नव्हती, मला फसवून त्या घरात न्यायचं होतं. पिशवी घेतलीस, मंजूचा हात धरलास आणि बस स्टँड गाठलंस.

त्या घरात म्हणजे माझ्याजवळ. तू का येत नाहीस, ते यल्लाप्पाला नीट ठाऊक नाही, मालुबाईलाही नाही. आता तिला लिहावं लागतंय, लिहू दे. नऊ वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत बारसं होतं. तू पाळण्यापाशी उभी होतीस. मी भरल्या घरात म्हटलं, आमच्या माधवीला जरा पाळण्याची दोरी धरायला शिकवा गं, तिच्या हाताला ती अजून लागली न्हाय. बायका हसल्या. मी हसवलं की बायका हसायच्याच, माझा तेवढाच तर मान होता गल्लीत. तू हळदी-कुंकवाचं ताट खाली ठेवलंस आणि निघून गेलीस. आठ दिवसांपूर्वी तुझं तीन महिन्यांचं गेलं होतं, आणि ते फक्त नागेंद्राला ठाऊक होतं. मला ठाऊक असतं तर मी बोलले नसते, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. मालुबाई, हे पण लिही. ठाऊक असतं तर मी दुसरं काहीतरी बोलले असते. जिभेला चव लागलेली होती.

तेव्हापासून नागेंद्र येतो तो कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन, तासभर बसतो आणि हॉटेलात झोपायला जातो. सहा वर्षांची नात मी फक्त फोनच्या काचेत बघितली. तिला म्हणे माझ्यासारखी खोड आहे, बोलताना भुवई उडवते. म्हणून लग्नाआधी मी मधली खोली रिकामी करून घेतली. सुताचे बाचके हलवले, दाराला आतून नवी कडी बसवली, तुकड्यांची वाकळ शिवली. तुझी जाऊ विचारत होती, हे कुणासाठी. पाहुणे काय थोडे आहेत, म्हटलं.

आता नीट ऐक. आमच्याकडं माग चालू असले की आतल्याला फोन ऐकू येत नाही. म्हणून घरचा फोन दिवसभर माझ्यापाशी उंबऱ्यावर असतो, आणि निरोप मी हाताच्या खुणेनं आत पोचवते. पोटावर हात म्हणजे जेवायला या, खांद्यावर दोन बोटं म्हणजे शेठचा माणूस, कानाशी हात नेऊन झटकला की रॉंग नंबर. हळदीच्या पाच दिवस आधी एका पोरीचा फोन आला, कन्नडमध्ये. अज्जी, मी हॉटेलातून बोलते, साहेबांना दोनदा लावला, ते उचलत नाहीत, म्हणून त्यांनी दिलेल्या या गावातल्या नंबरावर लावला. त्यांच्या जुन्या कार्डाचा नंबर चालत नाही, नवा असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत कळवायला सांगा, नाहीतर खोली सोडावी लागेल. कळलं का अज्जी, असं तिनं दोनदा विचारलं. मला कन्नड तुझ्याइतकंच चांगलं कळतं. सांगते म्हटलं आणि फोन ठेवला. यल्लाप्पानं मागापासून मान उडवून विचारलं, कोण? मी कानाशी हात नेला आणि झटकला.

एक शब्द बोलले नाही बघ. आयुष्यभर बोलून जेवढं केलं नाही, तेवढं न बोलता केलं. मला वाटलं, खोली गेली की पाखरं कुठं जातील, इथंच येतील. तू दोन दिवस तोंड फुगवशील, मंजू वाकळेवर लोळेल, मग बघू. तू बस स्टँडावर जाशील हे माझ्या हिशेबात नव्हतं. माझ्या हिशेबात तू कधी नव्हतीसच, नात आणि वाकळ एवढंच होतं.

नागेंद्र मंगळवारी 'मीच विसरलो' म्हणत होता, तेव्हाही मी त्याला सांगितलं नाही. चहा पाहिजे का विचारलं. तो गेल्यावर मालुबाईला घेऊन रिक्षानं त्या हॉटेलात गेले. पोरगी तीच होती. तिनं कॉम्प्युटरात बघितलं आणि मालुबाईनं वाचलं, तारीख, दुपारची वेळ, आणि पुढं, घरच्या आजींना निरोप दिला, त्या सांगते म्हणाल्या. मला त्याचा कागद शिक्का मारून दे म्हटलं. कुणाविरुद्ध तक्रार करायची आहे का अज्जी, असं तिनं घाबरून विचारलं. हो, म्हटलं, माझ्याविरुद्ध. घरी आल्यावर यल्लाप्पाला दोन्ही माग बंद करायला लावले आणि तोंडानं सांगितलं. तो म्हणाला, आई, त्यो तुझ्या पायाशी बसून चूक मान्य करत हुता, आणि तू चहा इचारलास? त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. ताट सुनेच्या हातानं येतं.

हॉटेलचा तो कागद सोबत घातला आहे. येत्या सोमवारी नागेंद्र मंजूच्या बेंगळूरच्या शाळेचा दाखला घेऊन सदलग्याला येणार आहे. तू मागितलास म्हणून आणतोय. तिचं नाव तिकडच्या शाळेत घालणार आहेस, असं त्यानं सांगितलं, आणि मला हे पत्र त्याच्याआधी तुझ्याकडं पोचवायचं आहे, एवढ्यासाठी सगळा खटाटोप. त्यानं खोली खरंच धरली होती. नंबर कळवायला विसरला, एवढीच त्याची चूक, आणि तीसुद्धा निस्तरायला एक अख्खा दिवस हातात होता. तो दिवस मी खाल्ला. हे त्याला अजून ठाऊक नाही, तू कागद दाखवलास तर कळेल. त्यानंतर तोही माझ्या पायरीवर बसणार नाही, हे मी धरून चालले आहे. दाखला घ्यायचा की त्याच्याबरोबर परत पाठवायचा, ते तू ठरव. मी मधे नाही. माफीसुद्धा मागत नाही, कारण ती मागितली की तुला उत्तर द्यावं लागेल, आणि माझ्याशी बोलायची सक्ती तुझ्यावर पुन्हा कुणी करू नये. फक्त माझ्या पोराला लबाड समजून तो दाखला घेऊ नकोस.

तुझीच म्हणायचा हक्क मी घालवला, म्हणून नुसती,
मंजूची आजी
रुक्माबाई
(डाव्या हाताचा अंगठा)