बिनमिठाचं सूप

आपल्या लेकीच्या आईस, सप्रेम नमस्कार.

लेक सुधारतेय, काळजी करू नकोस. बाळ गेल्यापासून ती धड जेवत नव्हती, हे मात्र फोनवर सांगायला माझी जीभ रेटली नाही.

जावईबापू कामावर गेले की घर खायला उठतं. आज येरझाऱ्या घालून दमलो आणि फडताळ उघडलं. बटाटा, गाजर, कांदा, मूठभर मसूर डाळ, सगळं शिजवून घोटलं. हसू नकोस, बोटही कापलं.

एक घोट घेऊन ती म्हणाली, "बाबा, मीठ विसरलात." किती दिवसांनी बोलली! मीठ आणायला गेलो आणि ओट्यापाशीच रडलो. मग तिने वाटी संपवली.

तुझा गुडघा काय म्हणतोय? डॉक्टर हो म्हणाले की लगेच निघ. झोपेत ती "आई" म्हणते आणि ओ मी देतो.

तुझाच,
नवखा स्वयंपाकी