चौदा वर्षांची घोडी

२ मार्च
मुलगी आज नोकरीच्या गावी गेली. वर्षभराने परत. स्टेशनवर चार वेळा बजावलं, म्हातारीला फक्त सांभाळा बाबा, दुसरं काही करू नका. म्हातारी म्हणजे तिची घोडी. रायडिंग स्कूल बंद पडलं तेव्हा मालकाने तिला फुकट दिली. आता गावाबाहेर भाड्याच्या तबेल्यात असते. पांढरीशुभ्र, मोठे डोळे. सोबत एक फाटका कागद, त्यावर एकच ओळ: अरबी, आई सबा. अशा जनावराला म्हातारी म्हणणं मला पटत नाही. मी रेकॉर्ड सेक्शनचा रिटायर्ड हेड. महिन्याभरात वंशावळ लावून टाकतो.

१९ मार्च
सापडली! जुन्या स्टडबुकात, म्हणजे घोड्यांच्या वंशनोंदींच्या पुस्तकात, सबा आहे. सबाची आई, आजी, पणजी, असं करत थेट जौहरापर्यंत पोचलो. जौहरा म्हणजे शंभर वर्षांपूर्वी वाळवंटातून जहाजाने आणलेली ऐतिहासिक घोडी. अरबी घोड्यांत घराणं आईकडून चालतं. सबाला चौदा वर्षांपूर्वी एक राखाडी शिंगरू झालं, मादी. (राखाडी जन्मलेलं पुढे पांढरं होतं, हे जाणकारांना ठाऊक असतं.) त्यापुढे नोंद नाही. कशी असेल? नोंद आमच्या तबेल्यात चारा खाते आहे.
बायकोला सांगितलं. ही म्हणाली, गॅस संपलाय.

२१ मार्च
निश्चय: यापुढे 'म्हातारी' बंद. 'जौहरा दुसरी' म्हणायचं. पाच-सहा हाका मारल्या. तिने कानही हलवला नाही. घरंदाज जनावर पहिल्याच दिवशी ओ देत नाही.

२८ मार्च
जनावरांच्या डॉक्टरीणबाई खुरं बघायला आल्या होत्या. विचारलं नसताना घोडीचं तोंड उघडलं. दात लांब झालेत, पुढे झुकलेत, वय पंचवीसच्या घरात, म्हणाल्या. मी स्टडबुक दाखवलं. चौदा. स्पष्ट छापलंय. त्या म्हणाल्या, कागदाला दात नसतात. दानाच्या गाईचे दात मोजू नयेत, ही म्हण बाईंनी ऐकलेली दिसत नाही. डोळ्यांवर खळगे पडलेत म्हणाल्या, तेही घराण्याचं लक्षण असणार. बघितलं पाहिजे.

५ एप्रिल
स्टडफार्मवाल्याशी फोनवर तासभर बोललो. जौहराचं घराणं संपत आलंय. एक शिंगरू झालं तर वाचेल, आणि ते माझ्या हातून! डॉक्टरीणबाईंना विचारलं. या वयात गाभण राहिली तर मरेल, इतकंच म्हणून फोन ठेवला. बोलण्याची पद्धत नाही.
तरी खात्री करून घ्यावी म्हणून स्टडबुकवाल्यांच्या ऑफिसला पत्र टाकलं: सबाच्या त्या शिंगराचं पुढे काय झालं? उत्तर येईपर्यंत काहीही करायचं नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

९ एप्रिल
घोडी माजावर आली. आपल्याकडे घोडं पेंड खातं ते या असल्या थांबण्यापायीच. टेम्पो करून स्टडफार्मवर नेली, फळवून आणली.
मुलीचा फोन. म्हातारी कशी आहे? मजेत, म्हणालो. खोटं नाही.

३० मे
गाभण! डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, हिच्याशी बोलल्या. घरी आल्यावर ही म्हणाली, जन्मभर कागदी घोडे नाचवलेत, त्यावर भागलं नाही का? लेकीला आजच्या आज सांगा.
सांगणार. योग्य वेळी. सरप्राइज.

१७ ऑक्टोबर
पोट वाढतंय, बाकीची घोडी वाळतेय. गवत अर्धवट चावून खाली टाकते. वाळवंटी रक्ताची जनावरं खाण्याच्या बाबतीत चोखंदळच.
मुलीने फोटो मागितला. फक्त तोंडाचा काढून पाठवला. ती म्हणाली, किती बारीक झालीय. कॅमेऱ्याचा दोष, म्हणालो.

८ जानेवारी
आज बसली ती उठेना. तबेल्यातल्या माणसांनी पोटाखाली पट्टा घालून उभी केली. पाय लटपटत होते. मला भीती वाटली. एवढं लिहून ठेवतो.
वंशावळीचा तक्ता मात्र सुरेख झालाय. फ्रेम करायला टाकला.

६ मार्च
मुलगी आली. मी स्टेशनवर गेलो तर ती परस्पर तबेल्यात. मागोमाग पोचलो, सरप्राइज म्हणालो. ती घोडीच्या मानेला कपाळ टेकवून उभी होती. हे कोणी केलं, असं विचारलं. मी जौहरापासून सांगायला सुरुवात केली. मधेच ती बादली उचलून पाणी आणायला गेली.

१४ मार्च
घोडी गेली. शिंगरू जगलं. मादी.
डॉक्टरीणबाईंनी शर्थ केली, रक्त थांबलं नाही. मुलगी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. म्हातारे, म्हातारे, म्हणत होती. घोडी दर हाकेला कान हलवत होती. शेवटपर्यंत हलवत होती. मी दाराशी उभा होतो. मला कोणी काही काम सांगितलं नाही.

१९ मार्च
स्टडबुकवाल्यांचं उत्तर आलं. वरातीमागून घोडं. सबाचं ते शिंगरू जन्मल्यावर आठवड्याच्या आत मेलं होतं. सबा नावाच्या घोड्या त्यांच्या पुस्तकांत पुष्कळ आहेत, आमची कोणाची हे कळायला मार्ग नाही, असं लिहिलंय.
म्हणजे आणखी आधीची कुठली तरी सबा. जुनी पुस्तकं मागवून घेतो.

२० मार्च
नाही मागवली. जुनी पुस्तकं म्हणजे जुनी घोडी. ती पंचविशीचीच होती. मला दिसत होतं. मला एप्रिलमध्येही दिसत होतं.

२६ मार्च
शिंगरू बाटलीने दूध पितं. मुलगी तबेल्यातच झोपते. मी डबा पोचवतो. दाराशी ठेवायचा, आत यायचं नाही, असं तिने आईमार्फत कळवलंय.
शिंगराचं नाव ठेवलंय म्हणे. आज दारातून विचारलं. तुम्हाला कशाला, म्हणाली. तक्त्यात भरायला? नाही गं, सहज, म्हणालो. ती आत वळली.
घरी येऊन हिला विचारलं. हिला माहीत आहे. सांगत नाही.

२९ मार्च
डबा ठेवून थोडा वेळ दाराबाहेर थांबलो. आतून मुलीने शिंगराला हाक मारली, नाव मला ऐकू येणार नाही इतकी हळू. ते उठलं आणि तिच्याकडे गेलं.