झारचं रिव्हॉल्व्हर आणि गोधडीची खोली

१२ एप्रिल २००३, शनिवार
आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा. घरात पेन निळंच आहे, त्याला इलाज नाही.
दाताचे डॉक्टर वारले, त्यांच्या घरच्या सामानाचा लिलाव. मासे पकडायच्या गळांचं खोकं घेतलं आणि तळाशी काय, तर रशियन सैन्याचं रिव्हॉल्व्हर! सात घरांचं, म्हणजे एका वेळी सात गोळ्या. अंगावर साल कोरलेलं: १८९६. बेल्जियममध्ये झारसाठी बनवलेल्या पहिल्यावहिल्या मालातलं. रंग मात्र जुन्या कढईसारखा, काळपट तपकिरी.
आर्लीनला सांगितलं की हा आपल्या घराण्याचा इतिहास आहे. माझे आजोबा झारच्या फौजेत जावं लागू नये म्हणून फिनलंडहून पळून समुद्रापार इथल्या तांब्याच्या खाणीत आले. ती म्हणाली, म्हणजे तुमच्या घराण्याचा आणि या बंदुकीचा संबंध एवढाच की तुम्ही तिला बघून पळालात.
बायकांना इतिहासाची दृष्टी नसते.

१३ एप्रिल, रविवार
आमच्या नेमबाजी क्लबचा ओनी सारेला आला. वय एकोणऐंशी, जुन्या रशियन शस्त्रांचं चालतंबोलतं पुस्तक. वीस मिनिटं भिंग लावून बसला. कॉफी गार झाली, तरी उठेना. जाताना माझा हात धरून म्हणाला, वर्नर, याला काही करू नकोस. पुसू नकोस, घासू नकोस, असंच्या असं राहू दे.
लगेच ओळखलं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट. स्वतःकडे नाही, म्हणून माझं तरी चांगलं दिसू नये.

१९ एप्रिल
घरात करार झाला. मागची छोटी खोली सध्या माझं संग्रहालय आहे (रिव्हॉल्व्हरं चार, रशियन टोपी एक). आर्लीनला ती गोधड्या शिवायला हवी. तिची गोधडी ताणून धरायची चौकट बैठकीच्या खोलीत उभी असते आणि स्वयंपाकघरात जाताना मला वाकावं लागतं. ती म्हणाली, सहा वर्षं झाली, आता एकदाच काय ते ठरू दे.
ठरलं. सप्टेंबरात क्लबची जुन्या रशियन रिव्हॉल्व्हरांची स्पर्धा आहे. पहिल्या तिघांत आलो तर खोली कायमची माझी. नाही आलो तर गोधड्यांची. नियम एकच: हत्यार १८९८ किंवा त्याआधीचं हवं आणि अंगावर साल वाचता यायला हवं. माझ्याकडे आता तसं आहे. म्हणजे खोली माझी झाल्यातच जमा. तिची दया येते.

२६ एप्रिल
पहिला सराव. खडीच्या खाणीत, बर्फ अजून गुडघाभर. एकवीस गोळ्या झाडल्या. कागदाला एकही भोक नाही. कागद फळीवर तिरका लावला होता, हे नंतर लक्षात आलं.
शेजारी हेल्मी होती. आर्लीनची मोठी बहीण, वय एकाहत्तर, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त. दोन वर्षं लागोपाठ स्पर्धेची लाकडी ढाल तिच्याच घरी. तिने ऐकवलंच, नाचता येईना अंगण वाकडं. मग म्हणाली, अरे बाबा, याचा चाप हत्तीसारखा जड आहे. नुसता चाप ओढलास तर नळी नाचणारच. दर गोळीला आधी अंगठ्याने घोडा मागे ओढ, मग चाप नुसता शिवला तरी पुरे.
मी तिला शांतपणे समजावलं की झारच्या काळी अंगठ्याने घोडा ओढणारी रिव्हॉल्व्हरं शिपायांना देत. अधिकारी थेट चाप ओढत. माझी वृत्ती अधिकाऱ्याची आहे.
ती म्हणाली, मग अधिकारी लढाई कसे हरले ते कळलं.

३ मे
संकल्प: रोज शंभर वेळा चाप ओढण्याचा व्यायाम. हत्यार रिकामं, समोर भिंत.

६ मे
तर्जनी सुजली. पावाला लोणी आर्लीनने लावून दिलं. म्हणाली, असू दे, अजून नऊ बोटं आहेत. संकल्प तूर्त स्थगित. संपूर्ण रद्द नाही.

१७ मे
तिसरं रिव्हॉल्व्हर अजून सैन्याच्या गोदामात गंजू नये म्हणून फासलेल्या घट्ट पिवळ्या ग्रीजमध्येच होतं. ग्रीज उष्णतेने वितळतं, हे शास्त्र आहे. आर्लीन चर्चला गेली होती. ओव्हन मोकळा होता. मंद आचेवर अर्धा तास.
दुपारी तिने त्याच ओव्हनमध्ये चर्चच्या बायकांसाठी मांस-बटाटा भरलेल्या, करंजीसारख्या पॅस्टी भाजल्या. पाद्र्याची बायको म्हणाली, चव ओळखीची वाटते, आमच्या ट्रॅक्टरच्या शेडमध्ये असाच वास येतो.
ग्रीज मात्र उत्तम निघालं. हे कोणी विचारलं नाही.

७ जून
सराव रद्द. काळ्या माश्या, चावून रक्त काढतात.

१४ जून
सराव. पस्तीस गोळ्या. एक लागली, फळीच्या पायाला. पण पायाच्या अगदी मधोमध! म्हणजे हात स्थिर आहे, फक्त उंची चुकते.
ओनीने विचारलं, रिव्हॉल्व्हर कसं आहे. मजेत आहे, म्हटलं. पुन्हा तेच: घासलं नाहीस ना? माणूस म्हातारा झाला की एकाच गोष्टीच्या मागे लागतो.

५ जुलै
फार महत्त्वाचा विचार सुचला. स्पर्धेत पहिल्या तिघांची हत्यारं नंतर ओनी टेबलावर तपासतो, ही आमच्या क्लबची जुनी पद्धत. सगळा क्लब भोवती गोळा होतो. तिथे माझं हत्यार जुन्या कढईसारखं दिसणार? झारच्या अधिकाऱ्याचं?
गॅरेजात पॉलिश पेपर आहे. तीन नंबरांचा.

६ ते ११ जुलै
सलग सहा दिवस, रोज संध्याकाळी. आधी जाड पेपर, मग मधला, मग बारीक, मग फडकं आणि पेस्ट. हात दुखतात, पण काम असं की बघत राहावं. काळपटपणा गेला, तपकिरी गेला. शंभर वर्षांची घाण होती, दुसरं काय. आता आरशासारखं. त्यात बघून मिशी कातरली.
बाजूची अक्षरंही जरा गेली. पण अक्षरं काय, वहीत लिहिलेली आहेत.
ओनीला इतक्यात दाखवायचं नाही. एकदम स्पर्धेच्याच दिवशी. बघून त्याला भोवळच येईल.

२ ऑगस्ट
अठ्ठावीस गोळ्या, एकही नाही. हत्यार आता इतकं चमकतं की ऊन डोळ्यावर येतं. हा एक तोटा मान्य.
आर्लीन गाडीत बसून कंटाळली होती, म्हणून सहज एकदा उडवून बघते म्हणाली. अंगठ्याने घोडा ओढत सावकाश सात झाडल्या. पाच लागल्या. नवशिक्याचं नशीब म्हणतात ते हेच. घरी येईपर्यंत ती शिट्टी वाजवत होती. मी रेडिओ लावला.

२३ ऑगस्ट
पहाटे सहाला एकटाच खाणीत गेलो. अंगठ्याने घोडा मागे ओढायचं तंत्र बरेच दिवस माझ्या मनात होतं. ते आज करून पाहिलं. सातपैकी चार लागल्या. मग पाच. मग सहा!
हेल्मीला सांगायचं नाही. तिला उगाच वाटेल की तिचं ऐकलं.

६ सप्टेंबर
सातपैकी सहा, तीनदा. काल जेवताना आर्लीनला विचारलं, खोलीत अजून एक कपाट बसेल का. तिने मान खाली घातली आणि गोधडीचा तुकडा उसवत बसली. वाईट वाटलं. पण करार तो करार.

१३ सप्टेंबर, शनिवार, संध्याकाळ
लिहायला तर हवं.
बारा स्पर्धक. सकाळी थंडी. अंगठ्याने घोडा ओढला, श्वास सोडला, चाप शिवला. सत्तरपैकी चौपन्न. हे मी बढाई मारत नाही, फळ्यावर खडूने लिहिलं होतं. हेल्मी त्रेसष्ट, एक पाहुणा अठ्ठावन्न आणि तिसरा मी. मी! आयुष्यात कशात तिसरा आलो नव्हतो.
आर्लीन सगळ्यांसमोर धावत आली आणि मिठी मारली. म्हणाली, वर्नर, खोली तुझी, मी हरले आणि मला काहीच वाटत नाहीये. डोळ्यांत पाणी होतं, पण हसत होती. लग्नाच्या बत्तीस वर्षांत तिने माझ्याकडे असं बघितलेलं मला आठवत नाही.
मग टेबल. हेल्मीचं तपासलं, ठीक. पाहुण्याचं ठीक. मी फडक्यातून माझं काढलं. सगळे पुढे वाकले. मला वाटलं, दिपले.
ओनीने ते हातात घेतलं. एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग अगदी हळू विचारलं, वर्नर, साल कुठे आहे?
मी म्हटलं, होतं की. तुम्हीच एप्रिलमध्ये पाहिलं होतं.
तो म्हणाला, पाहिलं होतं. म्हणूनच विचारतोय, कुठे आहे?
वहीत लिहिलंय, म्हणालो. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
ओनीने माझं रिव्हॉल्व्हर परत फडक्यात गुंडाळलं, तान्हं मूल गुंडाळतात तसं. म्हणाला, चाळीस वर्षं या सालाचं एक शोधत होतो. एप्रिलमध्ये तुझ्या स्वयंपाकघरात सापडलं. विकत मागायचा धीर झाला नाही, म्हटलं तुझ्याकडे राहू दे, अधूनमधून बघायला येईन. आणि मग तो सगळ्यांसमोर रडला. मला वाटायचं, हा माणूस माझ्यावर जळतो.
नियम तो नियम. साल वाचता येत नाही, हत्यार बाद. चौथा आलेला वायनो लाहती तिसरा झाला. तो तोवर घरी निघून गेला होता, फोन करून कळवलं.
गाडीत हेल्मी मागे बसली होती. उतरताना एवढंच म्हणाली, नेम मात्र चांगला होता हो.

१४ सप्टेंबर, रविवार
खोली रिकामी केली. आर्लीन म्हणाली, राहू दे रे, तू जिंकलाच होतास. मी नाही म्हटलं. चौकटीची एक बाजू तिने धरली, एक मी. माझं कपाट हलवल्यावर मागे खिडकी निघाली. तिथून तळं दिसतं. आर्लीन बराच वेळ तिथेच उभी राहिली.
चारला ओनीचा फोन. म्हणाला, काल सगळ्यांसमोर तसं व्हायला नको होतं, मनाला लावून घेऊ नकोस. मग त्याने भीतभीत विचारलं, बाकीच्या तिन्हींना तर हात लावला नाहीस ना?
मी म्हटलं, छे छे.
त्याने सोडलेला सुस्कारा फोनवरसुद्धा ऐकू आला. देव तुझं भलं करो, म्हणाला.
खोटं बोललो असं काही नाही. दुसरं अजून अर्धंच घासून झालंय.