मानाच्या जागेवरचा संगणक

नारिन, मे महिना

आदरणीय थोरले मामा,

तुम्हाला आणि मामींना भाच्याचा सलाम. मुलं, सुना, नातवंडं सगळे धडधाकट ना? तुमचा गुडघा काय म्हणतो? बिश्केकला गेल्यापासून तुमच्या घरी जनावर म्हणून एक मांजर तेवढं उरलंय हे ठाऊक आहे, पण विचारायची रीत आहे म्हणून विचारतो, जनावरं सुखरूप ना? इकडे आई बरी आहे, मेंढ्या बऱ्या आहेत. मे उजाडला तरी वरच्या कुरणांकडे जाणाऱ्या घाटातला बर्फ हलायला तयार नाही. माझं म्हणाल तर भूक लागत नाही आणि कचेरीत जायच्या विचारानं सकाळी मोजेसुद्धा घालवत नाहीत. (आईला हे कळवू नका, ती लगेच चरबी घातलेला रस्सा पाजायला लागेल.)

कुरणांच्या कचेरीत मी संगणक सांभाळतो हे तुम्ही जाणताच. कुठल्या मेंढपाळानं उन्हाळ्यात कुठल्या कुरणावर कळप न्यायचा, त्याची चिठ्ठी आमच्याकडून निघते. हिवाळ्यात आमचे जुने, घरघरणारे संगणक गेले आणि त्यांच्या जागी थिन क्लायंट नावाच्या चपट्या डब्या आल्या. या डब्यांना पोटच नाही. सगळी माहिती मागच्या खोलीतल्या मोठ्या सर्व्हरमध्ये, आणि या म्हणजे नुसत्या तिच्यात डोकावायच्या खिडक्या. त्यातून त्यांना एक कुलूप असतं. दिवसभर तुम्ही त्यांच्यात हवं ते बदला, घड्याळ बदला, अक्षरं बदला, पडद्यावर आपल्या घोड्याचा फोटो लावा (सगळ्यांनी लावला), पण संध्याकाळी डबी बंद केली की सकाळी पाटी कोरी. बदल टिकवायचा असेल तर मी कुलूप उघडायचं, बदल करायचा, सेव्ह करायचा आणि आठवणीनं कुलूप परत लावायचं. लोकांना हे पटत नाही. त्यांना वाटतं, घोडे मीच पुसतो.

डब्या बसवायला आलेला माणूस मला म्हणाला, यातली एक नमुन्याची ठेव, तिच्यात जे सेव्ह करशील ते दुसऱ्या सकाळी बाकीच्या सगळ्या उचलतील. कुठेही ठेव, म्हणाला. आता कुठेही म्हणजे कुठे? इतक्या महत्त्वाच्या वस्तूला आपण काय दाराशी बुटांजवळ बसवणार? आमच्या प्रमुख झीपारताई यांनी ती दारासमोरच्या भिंतीशी, मानाच्या जागी ठेवायला लावली. मग मानाच्या जागी बसायचं कुणी? कचेरीत जो वयानं सर्वांत मोठा, त्यानं. म्हणजे आपल्या असानाली मामांनी, तुमच्या धाकट्या भावानं. झालं! ज्या डबीला कुणी बोट लावू नये, तिच्यापुढे जाऊन बसले ते, ज्यांना ऊठ म्हणायची कुणाची छाती नाही. मी एकदा धीर करून म्हटलं, 'मामा, खिडकीपाशी उजेड जास्त आहे.' 'मग तू बस तिथे, तुझ्या डोक्यात जरा पडू दे,' म्हणाले आणि मला चहा आणायला पिटाळलं.

मामांची तक्रार एकच, अक्षरं बारीक. मी रोज सकाळी ती मोठी करून द्यायचो आणि रोज रात्री डबी ते विसरायची. मामांनी ते मनाला लावून घेतलं. 'कोकरूसुद्धा दुसऱ्या दिवशी माणूस ओळखतं, आणि याला मी रोज नवा!' त्यात झीपारताईंनी फतवा काढला की वसंतापासून ज्याला स्वतःच्या हातानं चिठ्ठी काढता येणार नाही, त्यानं पेन्शन घेऊन घरी बसावं. नाव कुणाचंच घेतलं नाही, पण सगळे मानाच्या जागेकडे बघत होते. धाकट्या मामी वारल्यापासून त्यांचं घर कसं झालंय ते तुम्ही पाहिलंय. ती खुर्ची गेली की हा माणूस घरी जाऊन भिंतीशी बोलत बसणार, आणि मग बोलणंही बंद करणार. मला भीती वाटली. मी कुलूप उघडलं, अक्षरं जेवढी मोठी होतात तेवढी मोठी केली, सेव्ह केलं आणि कुलूप लावून समाधानानं घरी गेलो.

सकाळी सगळ्या डब्यांनी ती मोठी अक्षरं इमानेइतबारे उचलली. झीपारताईंनी अहवाल उघडला तर अख्ख्या पडद्यावर 'जिल्ह्यातील' एवढा एकच शब्द. पुढचं वाचायला त्यांना उजवीकडे सरकत सरकत जावं लागलं. शेजारच्या टेबलावरची बुरुल म्हणाली, 'केनेश, नदीपलीकडून कुणी वाचणार आहे का रे?' एका माणसाचं नाव पुरतं दिसायला दोनदा सरकायचं, आणि बापाचं नाव लांब असेल तर मध्ये चहा घ्यायचा. मी म्हटलं, सुधारतो, सुधारतो, आणि सुधारलं नाही. मामा तिकडे ताठ बसून एकेक चिठ्ठी काढत होते, आणि मला वाटत होतं, जमतंय.

मग मुकाश आणि ओरोझ आले. दोघे मेंढपाळ, दोघांच्या हातात चाबूक, आणि दोघांच्या चिठ्ठीवर घाटाच्या अलीकडचं एकच कुरण. दोघांनी एकाच सकाळी कळप वर चढवले होते आणि मेंढ्या अशा मिसळल्या होत्या की वेगळ्या करताना दोन गावांची तोंडं कायमची फिरली. ओरोझ ओरडत होता, 'माझा बाप ज्या कुरणावर मेला, तिथे याच्या मेंढ्या?' झीपारताईंनी मला आत बोलावलं, दार लावलं आणि विचारलं, 'ही चूक कुणाची?' मी म्हटलं, डबीची. रात्री विसरली असेल. त्यांनी मला लेखी ताकीद दिली, आता एक जरी चूक झाली तर माझी नोकरी गेली, आणि सगळ्या डब्यांवरची अक्षरं पहिल्यासारखी बारीक करायचा हुकूम सोडला. तो मी काल संध्याकाळी पाळला. एकंदरीत, थोरले मामा, या विसरभोळ्या यंत्रांनी मला जीव नकोसा केलाय.

बाकी सर्व क्षेम. मामींना आणि लहानांना आठवण सांगा.

तुमचा भाचा,
केनेश

ता. क. यंत्रं ठणठणीत आहेत. मी सर्व्हरमध्ये पाहिलं. डबी काहीच विसरलेली नाही, दोन्ही चिठ्ठ्या एकाच हातानं काढल्यात, आणि तो हात कुणाचा ते तुम्ही ओळखलं असेलच. सर्वांत मोठ्या अक्षरातही त्यांना कुरणाचं नाव दिसलं नव्हतं. हे मी कुणालाही बोललेलो नाही.

ता. क. दुसरा. आज सकाळी मामा येऊन बसले. पडद्यावर अक्षरं मुंगीएवढी. मी चहाचा वाडगा घेऊन मागे उभा होतो, म्हटलं आता ओरडतील. त्यांनी पडद्याला नाक लावलं, मान डोलावली आणि म्हणाले, 'बघ भाच्या, शिकलं शेवटी. आज किती स्वच्छ दिसतंय!' मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन रडलो. तिथे पंख्यांचा आवाज मोठा असतो.

ता. क. तिसरा. भाच्याला मामाच्या दारातून हवं ते उचलायचा हक्क आहे, आणि मी आजवर तुमचं एक शिंगरूच काय ते उचललंय. आता हे मागतो: त्यांना बोलावून घ्या. माझं ते ऐकणार नाहीत, पण थोरल्या भावाचा शब्द मोडणार नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. मात्र त्यांचे डोळे दाखवायचेत असं चुकूनही म्हणू नका. तुमचेच गेलेत आणि हात धरायला कुणी नाही, असं सांगा. घाट मोकळा व्हायच्या आत बोलवा, कारण त्यानंतर बाकीच्या साऱ्या चिठ्ठ्या त्यांनाच काढायच्या आहेत.

ता. क. चौथा. ते आले की हे पत्र कुठे लपवायचं याची काळजी करू नका. हातात दिलंत तरी चालेल. ते चष्मा लावतील, शेवटच्या ओळीपर्यंत कागद धरून बसतील आणि म्हणतील, केनेशनं छान लिहिलंय.